बाटलीत नक्की काय आहे?

तुम्ही २०२१ साली महाराष्ट्रात कोविडची लस घेतली असेल, तर ती कोविशील्ड असण्याची शक्यता भरपूर. आणि ती कोविशील्ड असेल, तर तुमच्या दंडात एक रिकॉम्बिनंट व्हायरस गेलेला आहे. घाबरू नका, माझ्याही गेलाय. भारतात या लसीचे १७० कोटींहून जास्त डोस दिले गेले. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती बनत होती तेव्हा बाटलीवरच्या बारीक अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं: अर्धा मिलिलिटरचा एक डोस, त्यात ५ गुणिले १० चा दहावा घात इतके विषाणूकण. म्हणजे ५,००० कोटी. चिंपांझीमधला एक अडिनोव्हायरस घेऊन, त्याचं वाढण्याचं जनुक काढून टाकून, त्या जागी कोरोनाच्या काट्याचं जनुक बसवलेलं. जीन थेरपीच्या प्रयोगशाळांत तीसेक वर्षं ज्या वाहक-विषाणूंवर काम चालू होतं, त्याच घराण्यातला हा एक.

आता, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवय असते की बिल्ड आलं की पहिलं विचारायचं, "यात नक्की काय काय गेलंय?" ५,००० कोटी कण आहेत ठीक आहे, पण ते सगळे तेच आहेत कशावरून? त्यात दुसरं कोणी घुसलेलं नाही हे कोण सांगणार, आणि कसं?

हा प्रश्न मी वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं की उत्तर फार तर १९९० पर्यंत मागे जाईल. ते गेलं परळला, आणि तेही १९०२ साली. आणि पुढे येऊन थांबलं यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात. मधे लायडन आहे, माकडं आहेत, डुकरं आहेत. सांगतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाहून निघून पॅरिसमार्गे भारतात आलेला वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवायला बसला आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा सुरू झाली (तीच आजची हाफकिन संस्था, नाव १९२५ मध्ये दिलं). मागणी इतकी की बाटल्या पुरेनात. म्हणून हाफकिनने उत्पादनाच्या पद्धतीत एक बदल केला. आधी लसीत थोडं कार्बोलिक आम्ल घालत, म्हणजे एखादा जंतू चुकून आत गेलाच तर तो वाढू नये. नव्या पद्धतीत ते काढून टाकलं आणि भरवसा ठेवला उष्णतेवर आणि हाताच्या स्वच्छतेवर.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल नावाचं गाव, आज पाकिस्तानात. परळहून आलेल्या पाच बाटल्यांतून त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ गेले. सगळ्यांना लस दिली होती एकाच बाटलीतून. बाटलीचा नंबर ५३-एन.

चौकशी बसली. प्रश्न एकच: धनुर्वाताचा जंतू बाटलीत परळला शिरला की मुलकोवालला? चौकशी आयोगाने परळवर बोट ठेवलं. कार्बोलिक काढलं ही चूक, असा सूर निघाला. हाफकिनला पदावरून दूर केलं. पण त्याच चौकशीच्या कागदांत दुसरीही एक गोष्ट होती. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला काही वास नव्हता अशी नोंद होती. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत महिनाभर वाढला असता तर उघडताक्षणी घाण आली असती. म्हणजे जंतू परळहून आला नसावा. हे कागद लोकांसमोर यायला काही वर्षं गेली. १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो निर्दोष ठरला. करिअरचं जे व्हायचं होतं ते मात्र झालंच होतं.

या प्रकरणावर लिहिणारे सगळे हाफकिनवरच्या अन्यायावर लिहितात, आणि अन्याय होताच. पण मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे वास. लस शुद्ध आहे की नाही हे गावात बसून तपासायचं त्या काळचं यंत्र म्हणजे टोचणाऱ्याचं नाक. आणि दुसरी म्हणजे ५३-एन. कोणाला कुठल्या बाटलीतून दिलं याची नोंद होती म्हणून तर कळलं की १९ जण एकाच बाटलीचे. ती वही नसती तर उरले असते फक्त १९ मृत्यू आणि एक अफवा.

हाफकिनची लस मेलेल्या जंतूंची होती. त्यात शिरलेला पाहुणा मारायला उष्णता, कार्बोलिक, काहीतरी हातात होतं. पुढच्या पिढीच्या लसी जिवंत विषाणूंच्या निघाल्या आणि हा मार्ग बंद झाला. चोर मारायचा तर घरमालकही मरतो. मग एकच उपाय उरतो, चोर आत येऊच द्यायचा नाही. पण विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात, पेशी कुठल्यातरी प्राण्याच्या असतात, आणि त्या प्राण्याचे स्वतःचे विषाणू असतात.

१९५०च्या दशकातली पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत. ऱ्हीसस माकडं. त्यातली हजारो आपल्याकडूनच निर्यात झालेली (ही निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली). १९६० मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीत बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांना त्या पेशींत एक नवाच विषाणू सापडला: एसव्ही-४०. ऱ्हीससच्या पेशींत तो गुपचूप राहतो, काही दिसत नाही. स्वीट-हिलमननी तोच द्रव आफ्रिकन ग्रीन माकडाच्या पेशींवर टाकला तेव्हा पेशी फुगून मरायला लागल्या. म्हणजे तोपर्यंतची टेस्ट चुकीच्या मशीनवर चालू होती. कोट्यवधी मुलांना लस देऊन झाली होती. माणसांत त्याने कर्करोग होतो असं पुढच्या दीर्घ अभ्यासांत सिद्ध झालं नाही, हे नशीब म्हणायचं.

याचाच पुढचा अंक मात्र कमी लोकांना माहीत असतो. त्याच सुमारास अमेरिकन सैनिकांसाठी अडिनोव्हायरसची लस बनवत होते, तीही माकडांच्या पेशींत. १९६४ मध्ये लक्षात आलं की लसीच्या अडिनोव्हायरसच्या एका जातीने एसव्ही-४० चा तुकडा स्वतःच्या जनुकांतच शिवून घेतलाय. वेगळा काढायला चोर उरलाच नव्हता, तो घरच्या माणसाच्या पोटात जाऊन बसला होता. प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट डीएनएचं तंत्र निघायच्या आठ-नऊ वर्षं आधी निसर्गाने लसीच्या पात्रात रिकॉम्बिनंट व्हायरस बनवून दाखवला. एका पेशीत दोन विषाणू भेटले आणि त्यांच्यात सारखा मजकूर असला, तर ते पानं बदलतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण जीन थेरपीच्या शुद्धतेची सगळी डोकेदुखी यात आहे.

आता लायडन. १९७३ साली अॅलेक्स फान डेर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम याने मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अडिनोव्हायरस-५ चा डीएनए घालायचा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. त्याचा २९३ नंबरचा प्रयोग जमला. म्हणून त्या पेशींचं नाव एचईके-२९३. (प्रोग्रॅमर लोकांनी व्हेरिएबलला 'टेम्प-२' नाव दिल्याबद्दल लाज वाटून घेऊ नये!) या पेशींच्या जनुकांत अडिनोव्हायरसचा डावीकडचा सुमारे ४,३०० अक्षरांचा तुकडा कायमचा जाऊन बसला. त्यात ई-१ नावाचं जनुक आहे. हे जनुक म्हणजे विषाणूची इंजिनाची किल्ली. ते नसेल तर तो पेशीत शिरेल, पण वाढणार नाही.

जीन थेरपीवाल्यांना हेच हवं होतं. विषाणूतून ई-१ काढायचं, त्या जागी रुग्णाला हवं ते जनुक बसवायचं. कारखान्यात २९३ पेशी किल्ली पुरवतात म्हणून विषाणू तिथे भराभर वाढतो. रुग्णाच्या शरीरात किल्ली नाही, म्हणून तिथे तो सामान टाकतो आणि संपतो. सुंदर डिझाइन आहे. डिपेंडन्सी बाहेर काढून ठेवलेली.

बग कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. पेशीतल्या तुकड्याची दोन्ही टोकं आणि विषाणूची उरलेली टोकं यांचा मजकूर सारखा आहे. कोट्यवधी वेळा कॉपी होताना केव्हातरी पानं बदलली जातात, आणि एखादा विषाणू किल्ली खिशात टाकून बाहेर पडतो. हा स्वतः वाढू शकतो. याला रेप्लिकेशन-कॉम्पिटंट, म्हणजे वाढ-सक्षम अडिनोव्हायरस म्हणतात. बाहेरून तो अगदी तसाच दिसतो. तेच कवच, तोच आकार. सेंट्रिफ्यूज, क्रोमॅटोग्राफीचे स्तंभ, कशानेही तो वेगळा निघत नाही. बरं, हा भेसळीचा माल बाहेरून आलेलाच नाही. तो शुद्ध पेशी आणि शुद्ध विषाणू यांच्यातूनच जन्माला आलाय.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. रेट्रोव्हायरस वाहकांतही हाच प्रकार होतो, आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा अहवाल आला. रेट्रोव्हायरसने बदललेल्या अस्थिमज्जेच्या पेशी माकडांना दिल्या होत्या. तयारीत वाढ-सक्षम विषाणू शिरलेला होता, आणि तीन माकडांना लिम्फोमा झाला. त्यानंतर या तपासणीला कोणी हलक्यात घेतलं नाही.

तपासणी कशी करतात? ज्यांच्यात किल्ली नाही अशा पेशी घ्यायच्या, सहसा ए-५४९ नावाच्या. त्यांच्यावर नमुना टाकायचा, वाट बघायची, मग तो द्रव नव्या पेशींवर, पुन्हा वाट. साधा वाहक तिथे वाढत नाही. वाढ-सक्षम एक जरी असला तरी तो वाढतो आणि पेशी मरताना दिसतात. अमेरिकेच्या एफडीएची मर्यादा आहे ३,००० कोटी कणांमागे एकापेक्षा कमी. आता गंमत बघा. ३,००० कोटी कण तपासले आणि एकही सापडला नाही, तर मर्यादा पाळली गेली असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. त्यासाठी तिप्पट नमुना लागतो, ९,००० कोटी. (०.०५ चा नैसर्गिक लॉगॅरिथम काढून पाहा, उणे तीन येतो.) म्हणजे "शून्य" असं कोणीच लिहून देत नाही. लिहून देतात ते "इतकं शोधलं, सापडलं नाही".

खरा उपाय तपासणीत नव्हताच, तो मजकूर बदलण्यात होता. १९९८ मध्ये पुन्हा लायडनकडच्याच मंडळींनी पीईआर-सी६ नावाच्या पेशी केल्या, ज्यांत फक्त किल्ली आहे, आजूबाजूचा सारखा मजकूर नाही. पानं बदलायला धागाच मिळत नाही. ऑक्सफर्डच्या चिंपांझी-विषाणूला याच तर्काचा फायदा मिळतो. २९३ पेशींतला तुकडा माणसाच्या अडिनोव्हायरसचा, वाहक चिंपांझीचा, टोकांचा मजकूर वेगळा, त्यामुळे जुळून येण्याची शक्यता फार कमी. कोविशील्डसाठी चिंपांझी का, याचं नेहमीचं उत्तर असं की माणसांत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आधीपासून नसते. ते बरोबरच आहे. पण मला हे दुसरं कारण जास्त आवडतं.

शुद्ध म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. १७ सप्टेंबर १९९९ ला पेनसिल्व्हेनियात १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर गेला तो वाहकाच्याच विरोधात शरीराने केलेल्या प्रचंड प्रतिक्रियेमुळे. कोविशील्डच्या अतिदुर्मीळ रक्ताच्या गुठळ्यांचं आजचं स्पष्टीकरणही अडिनोव्हायरस आणि रक्तातलं एक प्रथिन यांच्या संबंधाकडेच बोट दाखवतं. हा वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

सुरुवातीचं बीज शुद्ध ठेवायची पद्धत आपल्या आज्यांना माहीत होती. विरजण. आजच्या दह्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं, असं वर्षभर चालवलं तर शेवटी ते कुठल्या कुठे जातं. म्हणून लस बनवणारे एकदाच, एकाच विषाणूपासून वाढवलेलं विरजण शेकडो कुप्यांत गोठवतात आणि प्रत्येक बॅच त्या मूळ कुपीपासून ठरावीक पिढ्यांतच करतात. पेशींचंही तसंच. प्रत्येक कुपीला स्वतःचा सातबारा असतो: कुठून आली, कोणी हाताळली, कुठल्या द्रवात वाढली, तो द्रव कुठल्या गायीचा. फेरफार नोंदीसकट.

हा सातबारा किती लागतो ते २०१० मध्ये कळलं. एरिक डेलवार्ट यांच्या गटाने काही बाजारातल्या लसी घेतल्या आणि काहीही ठरावीक न शोधता आतला सगळा डीएनए वाचून काढला. रोटारिक्स या रोटाव्हायरस लसीत डुकराच्या एका विषाणूचा डीएनए सापडला. अमेरिकेने मार्चमध्ये ती लस थांबवली आणि मे मध्ये परत सुरू केली, कारण हा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. आला कुठून? पेशी सोडवायला ट्रिप्सिन वापरतात, ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. सगळ्या ठरलेल्या टेस्ट पास झाल्या होत्या. डुकराचा विषाणू आहे का, असं कोणी विचारलंच नव्हतं.

आणि २०१८ मध्ये तर घरातच. पोलिओचा टाइप-२ विषाणू जगातून संपला म्हणून एप्रिल २०१६ पासून तो थेंबांतून काढून टाकला होता आणि सगळे साठे नष्ट करायचे होते. दोन वर्षांनी उत्तर प्रदेशात सांडपाण्याच्या आणि मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत टाइप-२ दिसला. माग काढत गेले तर गाझियाबादच्या एका कंपनीच्या बॅचमध्ये तो निघाला. त्या कुप्या उत्तर प्रदेश, तेलंगण आणि आपल्या महाराष्ट्रातही वाटल्या गेल्या होत्या. लक्षात घ्या, पकडला तो कारखान्याच्या टेस्टने नाही, गटाराच्या पाण्याने.

आता यवतमाळ. या जिल्ह्यातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हापासून पाकिटावर काय छापलंय आणि आत काय निघतं, हा त्याचा दर जूनचा प्रश्न आहे. बीटी बियाणंही रिकॉम्बिनंटच, आणि बोगस पाकीटही बाहेरून अगदी तसंच दिसतं.

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोविड लसीकरण सुरू झालं. त्यासाठी १७ तारखेचा पोलिओ रविवार पुढे ढकलून ३१ वर नेला. त्या रविवारी घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात, पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल केलं. सुदैवाने सगळी बरी राहिली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, टीव्हीवर दोन दिवस बातमी चालली, आणि संपलं.

तेव्हा बहुतेकांनी "काय हा निष्काळजीपणा" म्हणून चॅनेल बदललं. मला त्यात मुलकोवाल दिसतं. पोलिओच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होत जातो. कुपी किती तापली हे तो सांगतो. ही कुपी पोलिओचीच आहे का, ते तो सांगू शकत नाही. कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेत प्रत्येक बॅच तपासली जाते, पण जी बाटली त्या साखळीत कधी नव्हतीच, तिला कसौली काय करणार? सॅनिटायझर कोविडमुळे बूथवर हात धुवायला आलेलं. सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, उघडल्या उघडल्या वास येणारं. १९०२ मध्ये वास नव्हता हा पुरावा ठरला होता. इथे वास होता आणि तरीही १२ मुलं होऊन गेली. दिवसभर रांग, मास्क लावलेली नाकं. निलंबन करून हा प्रश्न सुटत नाही, जसा तो हाफकिनला हटवून सुटला नव्हता. सॅनिटायझरची बाटली आणि थेंबांची कुपी एकाच टेबलावर ठेवू नका एवढी साधी गोष्ट निलंबनाच्या आदेशात नसते.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशी काढून, रिकॉम्बिनंट लेंटिव्हायरसने बदलून, परत देतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या लेंटिव्हायरस उपचाराला परवानगी दिली, आणि सिकलसेल म्हणजे विदर्भाचा, यवतमाळच्या आदिवासी पाड्यांचा आजार. तो उपचार आज तिथल्या कुठल्याच कुटुंबाच्या आवाक्यात नाही. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी लेंटिव्हायरसची वाढ-सक्षम तपासणी होईल, पेशीत वाहकाच्या किती प्रती बसल्या ते मोजलं जाईल, जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा सगळं होईल. मग गोठवलेली पिशवी वॉर्डात येईल. तिच्यावर एका मुलाचं नाव आणि नंबर असेल, आणि दोन नर्स उभ्या राहून तो नंबर मोठ्याने वाचतील, एक पिशवीवरून, एक मुलाच्या मनगटावरून.